हो म्हना

आमच्या घरी तवा एकच सवाल होता. याइले पुन्याले पोराकडं न्याचं, का इथंच गावात ठेवाचं. पोराचं म्हननं होतं, बाबाले इचार, बाबा म्हनतीन तसं करू. पोरगा चांगला हाय, जबरदस्तीचा नाई. पन बाबाले इचारलं, पुन्याले चालता का, तं बाबा म्हने हो. इचारलं, इथंच राहता का, तं बाबा म्हने हो. आता सांगा काय कराचं.

हे म्हनजे माह्यं मानूस. पाच एकर वावर, पऱ्हाटी अन तूर. गाव आमचं दारव्ह्याच्या इकडं, फाट्यावरून दोन कोस आत. मागच्या साली कापूस येचाले बाया लावल्या होत्या. हे वावराच्या धुऱ्यावर उभे राहून बायाइले कायतरी सांगून राह्यलते, अन सांगता सांगता बोलनं बंद झालं. तोंड हालत होतं, आवाज नाई. बायाइले वाटलं बुढा नकला करून राह्यला. त्या हासल्या. मी बी हासली. मंग उजवा पाय मुडपला अन हे पऱ्हाटीत बसले ते उठलेच नाई. लकवा मारला होता.

यवतमाळच्या दवाखान्यात बारा दिवस होतो. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं अन बोली गेली. डॉक्टरनं म्हटलं, घरी न्या, हळू हळू येईल. मले वाटलं लहान लेकरू शिकते तसं येईल. पहिले माय, मंग पानी, मंग बाकीचं.

घरी आल्यावर लोकं भेटाले येऊ लागले. आमच्या गावात बिमार मानसाले भेटाले सारे येतात, ज्याच्याशी बोलचाल बंद हाय तो बी येते. बाजेजवळ खुर्चीवर बसते, पायाले हात लावून पाहते अन पहिला सवाल एकच करते, "वळखलं का मले?" तो सवाल टाळता येत नाई. वळखलं नाई तं येनाऱ्याचं मन मोडते. अन बाहेर जाऊन तो सांगते का गेली बाप्पा त्याची अकल. हे नुसते पाहत राहत. येनारा पुन्हा इचारे, "अगा, मी कोन?" मले लाज वाटे. एवढ्या उन्हाचा मानूस आला अन याइच्या तोंडून एक शब्द नाई. मंग मी मांगून याइचा खांदा दाबो अन म्हनो, "हो म्हना. हो म्हना ना."

आठ दहा दिवस असंच चाललं. अन एका दिवशी याइचे मावसभाऊ आलते, त्याइनं इचारलं, मी खांदा दाबला, अन हे म्हनले, "हो."

बिमारीनंतरचा पहिला शब्द होता तो. मी घरात गेली, डब्यातली साखर आनली अन अंगनात जेवढे होते त्याइच्या हातावर ठेवली. मावसभावाच्या डोळ्याले पानी आलं. म्हने, "पाह्य वहिनी, मले वळखलं त्यानं."

मंग काय. जो येईल त्याले हे हो म्हनू लागले. खांदा दाबाचं बी काम राह्यलं नाई. लोकं खुश होऊन जात. याइचा एक लहानपनचा दोस्त हाय, बिडी पेनारा, तोंडाचा फाटका. तो रोज येऊन बसे अन सवाल करे.

"काय गा, वावर माह्या नावानं करतं का?"

"हो."

"अन ह्या म्हातारीले घेऊन जाऊ का माह्या घरी?"

"हो."

"आयकलं का वहिनी, मालकाचा हुकूम झाला. बांधा गाठोडं!"

"न्या ना," मी म्हनली, "पन याइची बाज बी उचलून न्या. मी येकली येत नाई."

सारं अंगन हासे. हे बी हासत, अर्ध्या तोंडानं. मले तवा बरं वाटे. घरात महिन्याभरानं हासू आलतं. मी काय करून राह्यली हे मले समजलंच नाई.

पोरगा फोनवरून म्हनला का यवतमाळले बोलनं शिकवनारी मॅडम बसते, हप्त्यातून एक दिवस, तिच्याकडं ने. मी नेलं. पहिले आटो, मंग दारव्ह्यावरून काळीपिवळी. काळीपिवळीत मानसं कोंबलेली राहतात. ड्रायव्हर भला होता, त्यानं याइले समोर बसवलं अन दोन पोट्टे मांगं लटकवले.

मॅडम नातिनीच्या वयाची होती. तिच्याजवळ चित्राइची थप्पी होती. एक एक चित्र धरे अन इचारे, हे काय आहे आजोबा? सफरचंद. विमान. छत्री. टाय. याइनं जिंदगीत टाय बांधला नाई. मी म्हनली, "मॅडम, हे इमान हाय." मॅडम म्हनली, "आजी, तुम्ही उत्तर देऊ नका. त्यांना देऊ द्या." मी तोंडावर पदर धरून बसली. घरी बी सारे सवाल याइले करत अन उत्तर मी देत होती, ते मले तवा ध्यानात आलं.

मंग तिनं इचारलं, "आजोबा, तुमच्या बायकोचं नाव काय?"

हे वर पंख्याकडं पाहू लागले. मंग माह्याकडं पाह्यलं अन तोंडाची चांगली बाजू जराशी हासली. मॅडमनं कागदावर फुली मारली.

मले राहवलं नाई. म्हनली, "मॅडम, ते फुली खोडा. याइनं धडधाकट असताना बी कवा माह्यं नाव घेतलं नाई. मी बी याइचं घेत नाई. आमच्या वक्ताले कोनीच घेत नसे."

"मग हाक कशी मारायचे?"

"हाक कायले लागते? खाकरत."

"खाकरत?"

"येक खाकरनं म्हनजे पानी आन. दोन म्हनजे कोनी आलं, च्या ठेव. अन वावरातून येताना दारातच जोरात खाकरले तं समजाचं आज डोकं गरम हाय, समोर जाऊ नोको."

मॅडमनं पेन खाली ठेवला अन मोठ्यानं हासली. म्हनली, "आजी, माझ्या कागदावर खोकल्याला जागाच नाही हो." फुली मात्र तिनं खोडली नाई. तिथं बाजूले कायतरी बारीक लिहिलं.

मंग तिनं हो-नाईचे सवाल काढले.

"आजोबा, तुम्ही शेतकरी का?"

"हो."

माह्या जीवाले बरं वाटलं.

"दगड पाण्यावर तरंगतो का?"

"हो."

"सूर्य रात्री उगवतो का?"

"हो."

"तुम्ही बाई आहात का?"

"हो."

हासायची गोष्ट होती, पन तिथं कोनी हासलं नाई. मॅडमनं कागद उलटा ठेवला अन मले बाहेरच्या बाकड्यावर घेऊन आली. तिनं सांगतलं का याइचं हो हे उत्तर नाई. तो एक आवाज हाय, समोरचा थांबला का निघते. आतमंधी याइले काय समजते, किती समजते, ते या हो वरून सांगता येनार नाई.

मंग तिनं इचारलं, "घरी कोणी 'हो म्हणा' असं शिकवलं होतं का?"

मी सारं सांगतलं. खांदा दाबला ते, साखर वाटली ते, दोस्ताची मजाक बी.

"तुमची चूक नाही आजी," ती म्हनली. "सगळ्या घरांत असंच करतात."

तिनं मले रागावलं असतं तं बरं झालं असतं. शेतात बी नांगराचं येक तास वाकडं पडलं तं पुढचे सारे तसेच वाकडे पडतात, ते मालूम असूनबी मी मांगं वळून पाह्यलं नाई. याइच्याजवळ बोलाले एकच शब्द आलता. तो मी लोकाइले खुश कराले वापरून टाकला. आता खरं इचाराचं होतं तवा तो शब्द कामाचा राह्यला नाई.

मी मॅडमले इचारलं, "तुमी एवढं शिकल्या. बोलनं गेलं म्हनजे समजनं बी जाते का?"

ती बाकड्यावर माह्याजवळ टेकली. म्हने, "कॉलेजात आम्हाला दोन वेगळी पुस्तकं होती. एकात भाषा कशी बनते ते, दुसऱ्यात अर्थ कसा लागतो ते. परीक्षा पण वेगळ्या दिवशी. मी दोन्हींत चांगली पास झाले. इथे आल्यावर कळलं, माणूस असा दोन पुस्तकांत वेगळा करता येत नाही. कोणाचे शब्द जातात अन अर्थ राहतो. कोणाचा अर्थ जातो अन शब्द राहतात. आजोबांचं काय झालंय ते मला अजून नीट सांगता येत नाही."

मी चौथी शिकली. मले तिचं सारं नाई समजलं. पन तिले बी सांगता येत नाई, एवढं समजलं. तिनं मले एक वही देली. रोज हे काय बोलले, कवा बोलले, तवा काय चाललं होतं, ते लिहून आनाचं. त्याच वहीत मी हे लिहून राह्यली.

वहीत काय लिहू? सोमवारी हो. मंगळवारी हो. बुधवारी शिवी देली, मांजरीनं दूध सांडलं तवा, अन शिवी साफ होती, येक अक्षर इकडचं तिकडं नाई. मी लिहिली नाई, मॅडम पोरगी हाय. खाली लिहिलं, "मांजरीले बोलले."

अन पौर्निमेले तं नवलच झालं. आमी बौद्ध हाओ. हे तीस वर्ष विहारात समोर बसून वंदना म्हनत, बाकीचे मांगून म्हनत. पौर्निमेले सकाळी विहाराच्या भोंग्यावर वंदना सुरू झाली, अन हे बाजेवर बसल्या बसल्या म्हनू लागले. अथपासून इतिपर्यंत. कुठं अडकनं नाई, कुठं चुकनं नाई. आवाज पहिलेसारखा. मी चुलीजवळून पयत आली. शेजारच्या बाया भिंतीवरून पाहू लागल्या.

"आवं, तुहा बुढा तं बरा झाला!"

मले बी तसंच वाटलं. वंदना सरली तशी मी जवळ जाऊन इचारलं, "अजी, तहान लागली का?"

हे माह्याकडं पाहत राह्यले. तोंड उघडलं, ओठ हालवले, गळ्याची शीर तानली. घाम आला. निघालं ते, "हो."

पानी आनलं तं प्याले नाई. गिलास डाव्या हातानं लोटून देला.

मॅडमले सांगतलं तं ती म्हनली, पाठ झालेलं वेगळ्या जागी राहते, ते गेलेलं नाई. तिनं इचारलं, "त्या वंदनेचा अर्थ आजोबांना माहीत होता का?" मी म्हनली, थोडा थोडा. पाली हाय ते. भंतेजी आलते तवा सांगून गेलते, अर्धं ध्यानात राह्यलं, अर्धं नाई. मंग मीच इचारात पडली. ज्याचा अर्थ पुरा मालूम नोता ते सारं तोंडात शाबूत राह्यलं. अन पानी, भाकर, दुखते, नोको, हे रोजचे शब्द, लहान लेकराइले बी समजतात ते, तेच निघून गेले. असं कसं कोनी ठरवलं?

त्या वंदनेनं अजून एक घोटाळा केला. शेजारच्या पोरीनं मोबाईलवर ते भरून पोराले धाडलं. पोराचा लगेच फोन आला, रडून राह्यलता. "माय, बाबा तं बोलून राह्यले! आता इचार ना त्याइले, येतात का म्हना."

मी सांगाले गेली का ते बोलनं वेगळं हाय. त्याले काय सांगनार? मलेच नीट समजलं नोतं.

पोराचं बी चुकत नोतं. त्याच्याकडं लिफ्ट हाय, मोठे डॉक्टर हाय, सून मायाळू हाय. ती फोनवर म्हने, "आई, तुमच्यानं आता उचलवते का बाबाले? तुमचीच कंबर गेली तं?" खरंच उचलवत नोतं. संडासले न्याचं तं शेजारच्या दोघाइले हाक मारा लागे. दिवाळी झाल्यावर गाडी घेऊन येतो, तवालोक बाबाले काय पाहिजे ते पाहून ठेव, असं पोरानं सांगतलं.

मॅडमनं एक तोड काढली. म्हने, शब्द सोडा. समोर दोन वस्तू ठेवा, एक जायची, एक राहायची, अन हात लावू द्या. मी बॅग आनली, पोरानं देलेली चाकाची. अन याइची गोधडी आनली. पहिले आठ दिवस रोज बॅगेचं सांगतलं, पोराचा फोटो दाखवला. गोधडीचं सांगतलं, घर दाखवलं, वावराकडं बोट केलं. मंग दोन्ही समोर ठेवले. याइनं बॅगेवर हात ठेवला.

मी तिथंच बसली. मनात म्हटलं, ठीक हाय, जाचं.

पन मॅडमनं सांगतलं होतं, जागा बदलून पुन्हा करा. दुसऱ्या दिवशी गोधडी डावीकडं ठेवली, बॅग उजवीकडं. याइनं गोधडी धरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बदललं. पुन्हा डावीकडचंच. मॅडम म्हनली, उजवीकडचं त्यांना दिसतच नसेल कदाचित, एक वर एक ठेवून पाहा. तसं बी केलं. याइनं डाव्या हातानं दोन्ही ओढले, बॅग बी अन गोधडी बी, अन पोटावर घेऊन डोळे मिटले.

तो बिडीवाला दोस्त तिथंच बसला होता. आता तो मजाक करत नसे. म्हनला, "वहिनी, तुमाले काय वाटते?"

"मले काय वाटते त्याचा सवाल नाई भाऊ."

"पन्नास साल झाले तुमाले. तुमाले नाई समजत तं कोनाले समजन?"

मले बी हेच वाटे. पन खरं सांगते, पन्नास साल मी जे समजत होती ते खाकरन्याचं समजत होती. पानी, च्या, राग. पुन्याले जाचं का, मराचं कुठं, असं याइनं कवा खाकरून सांगतलं नोतं. अशा गोष्टी हे बोलून सांगत, दोस्ताइच्या बैठकीत, अन मले मंग मालूम पडे. आता बोलनं नाई, तं ते कुठून समजाचं? चेहऱ्यावर पाहो तं कवा वाटे याइले पोराची याद येऊन राह्यली. कवा वाटे नुसतं ऊन लागून राह्यलं.

दिवाळी झाली अन पोरगा गाडी घेऊन आला. दोन दिवस राह्यला. बापाची दाढी केली, आंघोळ घातली, मायसारखं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात लावली अन अंगनात बाजेजवळ बसला. सून बी होती. दोस्त होता, शेजारी होते.

"बाबा," पोरगा म्हनला, "चालता ना?"

"हो."

पोरानं माह्याकडं पाह्यलं. त्याले मी सारं सांगून ठेवलं होतं, दगडाचं, बाईचं, बॅगेचं. तो म्हनला, "माय, आता तूच सांग. बाबाचं म्हननं काय हाय?"

सारे माह्याकडं पाहू लागले. हे बी.

मी म्हनली, "नाई म्हनतात ते."

"तू म्हनतं का बाबा म्हनतात?"

"ते म्हनतात."

मी खोटं बोलली. म्हनजे खोटं बोलली का खरं, ते बी मले मालूम नाई. पुन्याले जाचं माह्यं मन नोतं. एकदा गेलती पोराकडं, पंधरा दिवस, मले तिथं गमलं नाई. बाल्कनीतून खाली पाहो तं मानसं दिसत पन आवाज कोनाचा येत नसे. तं जे नाई माह्या तोंडून निघालं ते याइचं होतं का माह्यं, हे मी कितीक डाव स्वताले इचारलं. आमी दोघं एवढे दिवस एकाच्या जागी दुसरा बोलत आलो का आता त्याचे दोन भाग मले करता येत नाई.

ते बोलली तवा मी याइच्याकडं पाह्यलं. हे माह्याकडंच पाहत होते, डोळे न हालवता. त्या पाहन्यात कायतरी होतं. बरं केलं असं होतं, का हे काय केलं असं होतं. मी लय येळ पाह्यलं. मले वाचता आलं नाई.

पोरगा उठला. बापाच्या पायावर डोकं ठेवलं, गाडीत बसला. जाता जाता एक मानूस लावून देला, सकाळ संध्याकाळ उचलाले येनारा. गाडी फाट्याकडं वळली तवा हे डाव्या हातानं बाजेची दोरी धरून उठाले पाहत होते. कायले, ते मालूम नाई. बसाचं होतं का, पोराच्या मांगं जाचं होतं का, का पाय अवघडला होता. मी खांद्याले धरून बसवलं.

आता मॅडमकडं जानं कमी झालं. ती सांगते तसं करते मी. तिनं सांगतलं हाय का सवाल कमी करा, सोप्पं बोला. तं मी आता याइले काही इचारत नाई, नुसतं सांगते. अजी, आंघोळ करू. अजी, भाकर खा. अजी, ऊन आलं, बाज सरकवते. हे खातात, पेतात, पाहत राहतात. कवा कवा ओठ हालवतात, घाम येईपर्यंत. मी हातातलं काम सोडून समोर बसते. निघत नाई तवालोक बसते. मंग हे थकून डोळे मिटतात, अन मी उठून पुन्हा कामाले लागते.